धामणकर नाक्याचा रस्ता

ठाण्याहून कशेळी, अंजूरफाटा या मार्गाने भिवंडीत येणारा प्रवासी धामणकर नाक्याजवळ पोहोचला, की त्याच्या गाडीचा वेग मंदावतो. सुताच्या व कापडाच्या गाठींनी लादलेले ट्रक, रिक्षा, हातगाड्या, शाळेस निघालेली मुले आणि यंत्रमागाच्या कारखान्यांतून घरी परतणारे कामगार, या सर्वांना तोच एक रस्ता हवा असतो.

रस्ता सर्वांच्या मालकीचा असतो. त्याच्या काठची जमीन मात्र एकेकाची. गिऱ्हाईक रस्त्यावरच भेटते, म्हणून दुकानदाराला दुकान रस्त्यास लागून हवे असते. पण दुकानाची पायरी हातभर पुढे आली, की पादचाऱ्याची वाट हातभर मागे सरते. घरमालकाने पुढील जागा सोडली तर त्याचे भाडे बुडते. न सोडली तर आगीच्या बंबाला वाट मिळत नाही.

मुंबईत हा प्रश्न एकदा मोठ्या चतुराईने सोडविण्यात आला. किल्ल्याची तटबंदी पाडल्यानंतर हॉर्नबी रस्ता रुंद झाला. त्याच्या दुतर्फा इमारत बांधणाऱ्याने ती आपल्या आवडीप्रमाणे बांधावी, मात्र तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओवरी ठेवावी, असा नियम १८९६ साली झाला. आज दादाभाई नौरोजी मार्ग म्हणतात तो हाच. भर पावसातही तेथून छत्री न उघडता चालता येते. अर्थात त्या ओवऱ्यांतही पुढे विक्रेते बसलेच!

भिवंडीत अशी तरतूद वेळीच झाली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ठाणे–भिवंडी–कल्याण या सुमारे २५ किलोमीटर लांबीच्या मेट्रोची पायाभरणी झाली. तिचा पहिला टप्पा खांबांवरून धामणकर नाक्यापर्यंत आखलेला आहे. त्यापुढे वस्ती इतकी दाट, की खांब उभारायचे तर दुतर्फा घरे व दुकाने पाडावी लागली असती. म्हणून टेमघरपर्यंतचा भाग भूमिगत नेण्याचे ठरले. त्यामुळे घरे वाचतात. परंतु भुयाराचा खर्च खांबांहून पुष्कळ अधिक, आणि तो सार्वजनिक तिजोरीवर पडतो.

कोठे रस्ता रुंद करण्यासाठी बांधकाम पाडलेच, तर जागेचा मोबदला मालकास मिळतो. भाड्याच्या गाळ्यातील मागावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या विणकराच्या नावे मात्र जमीन नसते; त्याला कारखाना जाईल तिकडे जावे लागते.