फाटकापाशीं उभी असलेली आई
(‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या कादंबरींतील एक प्रसंग)

‘सावत्र’ हा शब्द कानीं पडतांच ध्रुवाला बापाच्या मांडीवरून उठविणारी सुरुचि आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. सावत्र नात्याची द्वेषाची बाजूच आपण लहानपणापासून ऐकत आलेलों असतों. परंतु मोठ्या माणसांनीं शिकविलें नसतें, तर मुलांच्या मनांत हा भेद आपण होऊन उपजला असता काय? या प्रश्नाचें मोठें हृद्य उत्तर चार्ल्स डिकन्स (१८१२–१८७०) या इंग्रज ग्रंथकारानें ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या कादंबरींत दिलें आहे. ती १८४९–५० मध्यें मासिक भागांनीं प्रसिद्ध झाली. आपल्या ग्रंथांपैकीं हाच आपला सर्वांत लाडका, असें डिकन्सनें पुढें प्रस्तावनेंत लिहून ठेविलें आहे. तिच्या आठव्या प्रकरणांतील प्रसंग मला विशेष प्रिय आहे. त्याविषयीं चार शब्द लिहितों.

डेव्हिडचा बाप त्याच्या जन्मापूर्वींच वारला होता. सफोक परगण्यांतील ब्लंडरस्टोन गांवीं आई क्लॅरा, दाई पेगॉटी आणि तो अशीं तिघें सुखानें राहत. एकदां पेगॉटी त्याला यारमथच्या समुद्रकांठीं आपल्या भावाकडे घेऊन गेली. जुन्या होडीचें घर केलेलें. आंत भावाचा पोरका मुलगा, मेहुण्याची पोरकी मुलगी आणि भागीदाराची विधवा. त्या कोळ्याचें स्वतःचें लग्न झालेलें नव्हतें. तरी तें भरलेलें घर होतें. डेव्हिड तेथून आनंदांत परत येतो तों आईनें मर्डस्टन नांवाच्या गृहस्थाशीं लग्न लाविलेलें! थोड्याच दिवसांत मर्डस्टनची बहीण आली आणि घरच्या किल्ल्या क्लॅराच्या हातून तिच्या हातीं गेल्या. पुढें धडे येत नाहींत म्हणून मर्डस्टनानें वेताचे फटके दिले. पोरानें भीतीनें त्याच्या हाताला चावा घेतला आणि त्याची रवानगी लंडनजवळच्या एका शाळेंत झाली.

सुट्टींत तो घरीं येतो. बैठकीच्या खोलींतून आईचें हलकें गाणें ऐकूं येतें. आपण तान्हे असतांना तिनें असेंच गाइलें असावें, असें त्याला वाटतें. दार उघडून पाहतो तों आई शेगडीपाशीं एकटीच तान्ह्या बाळाला पाजीत बसलेली. ती त्याला कवटाळते, बाळाजवळ त्याचें मस्तक आपल्या उराशीं धरते आणि बाळाचा हात त्याच्या ओठांना लाविते. मर्डस्टन भावंडें त्या दिवशीं बाहेर गेलेलीं होतीं. पेगॉटी त्याची जुनी बशी, त्याच्या नांवाचा पेला आणि न कापणारी धाकटी सुरी पुढें मांडते. तिनें तीं सारीं जपून ठेविलीं होतीं. तेवढी एकच संध्याकाळ त्याला जुनें घर परत मिळतें.

पुढें एके दिवशीं आई सहज म्हणते कीं, दोन्ही मुलांचे डोळे अगदीं सारखे आहेत. मर्डस्टनची बहीण संतापते. आपल्या भावाच्या बाळाची या पोराशीं तुलनाच कशी होते? डेव्हिडनें बाळाला हातहि लावूं नये, अशी तिची आज्ञा असते. सावत्रपणाची भिंत कोण बांधतें, हें येथें उघड दिसतें.

सुट्टी संपते. गाडी निघाल्यावर डेव्हिडला आईची हांक ऐकूं येते. ती एकटीच फाटकापाशीं उभी असून त्याला दिसावें म्हणून बाळाला दोन्ही हातांनीं उंच धरते. थंडी होती, पण वारा नव्हता. तिचा एक केंसहि हालत नव्हता. ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती. त्यानें तिला पाहिलें तें हें शेवटचें.

येथें आक्रोश नाहीं, लांबलचक भाषण नाहीं. वर्णन करणारा डेव्हिड आतां मोठा झालेला आहे. पुढचें त्याला ठाऊक आहे, गाडींतल्या मुलाला मात्र नाहीं. या दोघांमधील अंतरांतच सारें कारुण्य सांठविलेलें आहे. त्या स्तब्ध हवेमुळें तें दृश्य एखाद्या तसबिरीसारखें मनांत कायमचें राहतें.

मार्च महिन्यांत, नेमक्या त्याच्या वाढदिवशीं, आई गेल्याची वार्ता शाळेंत येते. बाळहि लागलीच जातें आणि त्याला आईच्या कुशींतच पुरतात. डेव्हिडला मत्सर शिवत नाहीं. तिच्या कुशींत निजलेलें तें बाळ म्हणजे लहानपणचा आपणच, असें त्याला वाटतें. जी तुलना त्या कठोर बाईला सोसली नव्हती, ती त्या पोरक्या मुलाच्या मनानें पूर्ण करून टाकिली.

मर्डस्टनला कायद्यानें बापाचा अधिकार मिळाला, पण बापाचें हृदय त्याला आणतां आलें नाहीं. होडींतल्या त्या कोळ्याला तें कोणी न देतांहि होतें. विद्यार्थिमित्रांनो, आपल्यांपैकीं कित्येकांच्या घरीं सावत्र भावंडें असतील. त्यांचे डोळे एकदां नीट न्याहाळून पाहा. आणि वडील मंडळींना एवढीच विनंति कीं, मुलें एकमेकांजवळ जाऊं लागलीं, तर त्यांना मागें ओढूं नये.