सिनेमा पाहताना चालतं, जेवून येईपर्यंत जातं

प्रश्न : मी पनवेलच्या खांदा कॉलनीत राहते. आठवड्यातले काही दिवस ऑफिसचं काम घरून असतं. सलग काम करत असले किंवा मुलगा अडीच तास सिनेमा बघत बसला, तरी वायफाय एकदाही तुटत नाही. पण लॅपटॉप तसाच ठेवून जेवून आले की वायफाय गेलेलं असतं आणि ऑफिसचं लॉगिनही तुटलेलं असतं. इंटरनेटवाल्यांचा माणूस आला, स्पीड टेस्ट करून ‘सगळं ओके’ म्हणाला आणि गेला. आम्ही मोठा प्लॅनही घेऊन पाहिला. शेजारी म्हणतात, नव्या विमानतळामुळे असं होतं. वापरताना चालतं आणि न वापरता तुटतं, हे कसं?

उत्तर : निम्मं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. अडीच तासांचा सिनेमा न अडखळता चालतो, म्हणजे बाहेरून आलेली फायबर, राउटर, मधल्या भिंती आणि लॅपटॉपचं वायफाय कार्ड हे सगळं कामाचा भार पेलतं. सिग्नल कमी पडत असता, तर तो भाराच्या वेळी आधी कमी पडला असता. त्यामुळे वेग, अंतर आणि भिंती हे तिन्ही संशयित बाजूला ठेवू. मोठ्या प्लॅनने फरक का पडला नाही, हेही यातून कळतं.

स्पीड टेस्ट इथे कुचकामी आहे. ती सुरू होताच लाइनवर भरपूर डेटा वाहू लागतो आणि डुलकी घेणारं जे काही असेल ते खडबडून जागं होतं. तपासायला गेलं की बिघाड गायब! म्हणून तंत्रज्ञाला काही सापडलं नाही. त्याचा दोष नाही, तपासणीची रीतच या तक्रारीसाठी चुकीची आहे. ही तक्रार शांत बसूनच पकडावी लागते.

वायफाय गेलेलं दिसलं की लगेच लॅपटॉपला हात लावू नका. आधी घरातला एखादा फोन घ्या, त्याचा मोबाइल डेटा बंद करा आणि वायफायवर एखादं नवं पान उघडून बघा. डेटा बंद करणं महत्त्वाचं, कारण वायफायला इंटरनेट नसलं तर बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि आपली फसगत होते. फोनवर पान लगेच उघडलं तर राउटर आणि लाइन ठीक आहेत, दोष लॅपटॉपकडे आहे. फोनवरही उघडलं नाही तर राउटरकडे किंवा त्याच्या पलीकडे बघायचं. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लागलेला असेल, तर बाहेरून प्रकाशच पोहोचत नाही. तिथे घरातलं कुठलंही सेटिंग कामाला येणार नाही.

तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून माझा पहिला संशय लॅपटॉपवर आहे. वायफाय कार्ड वीज वाचवण्यासाठी काम नसताना रेडिओ बंद करतं आणि तसं राउटरला कळवतं. मग त्या लॅपटॉपसाठी आलेला डेटा राउटर आपल्याकडे राखून ठेवतो, जसं आपण घरी नसताना सोसायटीचा वॉचमन पार्सल ठेवून घेतो. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटी हाक देतो, आणि कोणासाठी काय राखलं आहे त्याची यादी त्या हाकेत असते. कार्डाने ठरलेल्या हाकेला जागं व्हायचं, यादीत आपलं नाव बघायचं आणि असेल तर डेटा मागून घ्यायचा. दोन्ही बाजू वेळ पाळतात तोवर आपल्याला काही जाणवतही नाही. पण कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर जुनं असलं, किंवा त्याची आणि राउटरची सांगड नीट बसत नसली, तर कार्ड हाका चुकवत राहतं. राउटर समजतो हा लॅपटॉप निघून गेला आणि त्याचं नाव काढून टाकतो. तुम्ही जेवून परत येता तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं.

विंडोजवर उपाय सोपा आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफाय कार्डाच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि तिथला पॉवर मॅनेजमेंट हा टॅब बघा. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी कॉम्प्युटरला देणारी जी ओळ आहे, तिची टिक काढून टाका. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब दिसतच नाही. तेव्हा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा ताजा वायफाय ड्रायव्हर घ्यावा. वीज जास्त जाईल ही भीती नको. लॅपटॉप चार्जरला लावलेला असताना हा फरक जाणवणारही नाही. मात्र लॅपटॉप स्वतःच स्लीपमध्ये गेला असेल, तर उठल्यावर वायफाय जोडायला त्याला काही सेकंद लागणारच. तो बिघाड नव्हे.

निदान पक्कं करायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमधून राउटरला सतत ‘पिंग’ लावून जेवायला जा. आज्ञेच्या शेवटी ‘-टी’ जोडलं की पिंग आपण थांबवेपर्यंत चालू राहतं (टाइप अर्थात रोमन अक्षरांत करायचं). राउटरचा पत्ता बहुधा त्याच्या खालच्या लेबलवर छापलेला असतो. पिंग म्हणजे दर सेकंदाला एक छोटा निरोप, त्यामुळे कार्डाला लांब डुलकी मिळत नाही. पिंग चालू असताना वायफाय टिकलं आणि बंद असताना तुटलं, तर दोषी कार्डच. पिंग शेवटपर्यंत नीट उत्तरं देतंय आणि तरी इंटरनेट गेलंय, असं दिसलं तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला दुवा शाबूत आहे, पुढे शोधायचं.

पुढे म्हणजे लाइनच्या लॉगिनकडे. अनेक ठिकाणी राउटर यूजरनेम आणि पासवर्ड देऊन कंपनीकडे लॉगिन करतो. याला पीपीपीओई म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये तिथे ‘कनेक्ट ऑन डिमांड’ असा एक पर्याय असतो आणि सोबत किती मिनिटं वापर नसला की लाइन सोडायची तो आकडा. कित्येक राउटरमध्ये तिथे १५ मिनिटं आधीपासूनच भरलेली असतात. ही सोय टेलिफोनवरून डायल करायच्या दिवसांची. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा जोडलेल्या वेळेचे पैसे पडत आणि फोनचं बिल वेगळं, त्यामुळे वापर नसताना लाइन आपोआप सुटणं ग्राहकाच्या फायद्याचं होतं. महिन्याच्या ठरावीक प्लॅनवर त्याचा काही उपयोग नाही. तो पर्याय बदलून ‘ऑटोमॅटिक’ करा. याची खूण अशी की घरातली सगळी उपकरणं एकदमच थंडावतात, आणि पहिलं पान उघडायला वेळ लागला की पुढे सगळं सुरळीत चालतं.

ऑफिसच्या लॉगिनची गोष्ट आणखी निराळी, आणि बऱ्याच जणांचा घोळ इथेच होतो. वायफायची खूण पूर्ण असते, बातम्यांचं पान उघडतं, फक्त ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी असलेली खासगी जोडणी, तेवढं तुटलेलं असतं. घरातली सगळी उपकरणं बाहेर एकाच पत्त्याने ओळखली जातात. आलेलं उत्तर कोणाचं, हे कळण्यासाठी राउटर प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवतो आणि बराच वेळ शांत असलेली नोंद पुसून टाकतो. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या नियमानुसार, टीसीपी पद्धतीचं जोडलेलं संभाषण २ तास ४ मिनिटांच्या आत पुसू नये आणि यूडीपीचं साधारणपणे २ मिनिटांच्या आत पुसू नये. स्वस्तातले राउटर हे पाळतातच असं नाही. शिवाय जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच असल्याने अनेक कंपन्या एकच पत्ता कित्येक ग्राहकांत वाटून देतात. म्हणजे कंपनीकडे आणखी एक नोंदवही आली आणि तिथेही नोंदी पुसल्या जातात. यावर उपाय म्हणजे व्हीपीएनमधलं ‘कीप अलाइव्ह’ चालू करणं. त्याने ठरावीक सेकंदांनी एक रिकामा निरोप जात राहतो. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये यासाठी २५ सेकंद सुचवलेले आहेत. तुमच्या ऑफिसच्या आयटीवाल्यांना हे विचारा, आणि सोबत हेही विचारा की न वापरलेलं लॉगिन सुरक्षिततेसाठी त्यांनीच काही मिनिटांनी तोडायचं ठरवलंय का. तसं असेल तर घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

आता विमानतळ. नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं डिसेंबर २०२५मध्ये उडू लागली आणि तेव्हापासून पनवेलकर बरंच काही त्याच्या माथी मारतात. विमानतळाजवळच्या आकाशावर नजर ठेवणारी रडारं साधारणपणे २.७ ते २.९ गिगाहर्ट्झवर चालतात. घरगुती वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत असतं. आणि रेडिओचा अडथळा असता, तर तुम्ही सिनेमा बघताय की जेवताय हे त्याला कसं कळणार? शेजाऱ्यांच्या राउटरच्या गर्दीलाही हाच न्याय. इमारतीत २.४वर ती गर्दी असते हे खरं, कारण एकमेकांवर न चढणारे चॅनेल तिथे तीनच धरतात : १, ६ आणि ११. पण गर्दीचा त्रास रात्री नऊच्या सुमारास, ऐन सिनेमाच्या वेळी जास्त जाणवायला हवा. तुमच्याकडे उलटं आहे.

एक शक्यता मात्र खरंच तपासा. पावसाळ्यात क्षणभर दिवे जाऊन येतात, पंखा फिरतच राहतो, आपलं लक्षही जात नाही. राउटर तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि जोडणी पूर्ववत व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. आपण स्वयंपाकघरात असतो, परत येतो, आणि वाटतं की न वापरल्यामुळे तुटलं. राउटरच्या स्टेटस पानावर ‘अपटाइम’ असतो, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे. तो आकडा दिवसांऐवजी मिनिटांत दिसला तर दोष विजेचा. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस तिथे पुरतो, पण फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही तो जोडायला विसरू नका.

एका दिवशी एकच बदल करा, नाहीतर नेमकं कशाने जमलं ते कळणार नाही. आणि पुन्हा तक्रार नोंदवायची वेळ आली तर ‘नेट स्लो आहे’ असं सांगू नका. त्यावर पुन्हा स्पीड टेस्टच होईल. ‘वापर नसताना इतक्या मिनिटांनी जोडणी सुटते, सगळ्या उपकरणांवर सुटते, अपटाइम इतके दिवस आहे आणि एलओएस दिवा बंद आहे’ असं लिहून द्या, आणि येणाऱ्या माणसाला सांगा की आल्याबरोबर काही उघडू नका, आधी वीस मिनिटं थांबा.