उद्याच्या संगणकप्रणालीचे बारसे

‘आजचे युग हे संगणकाचे युग आहे’ हे वाक्य शाळेत असताना मी निबंधाच्या आरंभी किमान दहा वेळा तरी लिहिले असेल. तेव्हा मी संगणकाला हातही लावलेला नव्हता. गावच्या शाळेत एक संगणक होता. पण तो कपाटात होता आणि कपाटाची किल्ली बदलून गेलेल्या गुरुजींकडे राहिली होती. आज मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी आणि इतिहास. तेव्हा संगणकाच्या भविष्यावर लिहिण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारले तर ते रास्तच ठरेल. परंतु या विषयाची गाठ माझ्याच आडनावाशी पडली, म्हणून हे धाडस करीत आहे. गुरुजनांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

संगणक म्हणजे पडदा, कळफलक आणि डबा एवढेच आपल्याला दिसते. या डब्याकडून काम करवून घेणारी एक न दिसणारी व्यवस्था आत असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मराठीत ‘कार्यप्रणाली’ हा शब्द रूढ होऊ पाहत आहे. मला ती कळली ती आमच्या जिल्ह्याच्या उपमेने. आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळीत एक मुकादम असतो. कारखान्याशी बोली तोच करतो. कोणत्या कोयत्याने कोणत्या फडात उतरायचे, कोणाची गाडी आधी भरायची, भांडण झाले तर कोणाला गप्प बसवायचे, हे सर्व तोच ठरवतो. कोयत्याला कारखान्याच्या कचेरीत जावे लागत नाही आणि कारखान्याला कोयता ओळखावा लागत नाही. संगणकाचे यंत्र हा कारखाना. आपण वापरतो ते निरनिराळे प्रोग्राम हे कोयते. आणि मधला मुकादम म्हणजे ही कार्यप्रणाली. माझे आईवडील दरसाल दिवाळीनंतर टोळीबरोबर जातात, म्हणून ही उपमा मला चटकन पटली. मुकादम उचल देतो आणि उचल फिटेपर्यंत आपल्याला बांधून ठेवतो. परवान्यावर मिळणाऱ्या प्रणालींचे वागणे पाहिले तर या बाबतीतही उपमा फारशी सुटत नाही.

आता नावांकडे वळू. बारशाला बाळाचे नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो. संगणकाच्या बारशाला आजवर आत्या कोण कोण झाल्या, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली ‘युनिक्स’चा जन्म झाला. तिच्या आधी ‘मल्टिक्स’ नावाची फार मोठी, अनेकांनी मिळून रचलेली प्रणाली होती. तिची थट्टा म्हणून हे ‘एका’चे नाव निघाले. १९८० साली सिॲटल येथे एक प्रणाली तयार झाली, तिचे पाळण्यातले नाव ‘क्यूडॉस’, म्हणजे झटपट केलेली ओबडधोबड प्रणाली! मायक्रोसॉफ्टने ती पुढे विकत घेतली आणि तीच ‘एमएस-डॉस’ या प्रतिष्ठित नावाने घरोघर गेली. ‘विंडोज’चे नावही आधी ‘इंटरफेस मॅनेजर’ असे ठरत होते. ते टिकले असते तर आमच्या गावात कोणाच्या तोंडी बसले असते, असे वाटत नाही.

मला सर्वांत आवडलेली हकिकत ‘लिनक्स’ची आहे. फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ही प्रणाली लिहिली. त्याच्या मनात ‘फ्रीक्स’ असे नाव होते. आपलेच नाव देणे त्याला आढ्यतेचे वाटत होते. पण ज्या ओळखीच्या माणसाने ती सर्वांसाठी संगणकावर ठेवली, त्याने न विचारताच त्या जागेला ‘लिनक्स’ असे नाव देऊन टाकले. खरी आत्या ती ही! आपल्याकडे तरी आत्या कोणाला विचारते?

पुढे कंपन्या शहाण्या झाल्या आणि नावांचे खाते उघडले गेले. गूगलने ‘अँड्रॉइड’च्या आवृत्त्यांना गोड पदार्थांची नावे दिली. २०१६ साली ‘एन’ या अक्षराची पाळी आली तेव्हा केरळातील लोकांनी आपल्या ‘नेय्यप्पम’चा मोठा आग्रह धरला होता, पण नाव पडले ते ‘नूगा’. २०१९ मध्ये गूगलने ही प्रथाच बंद केली आणि नुसता दहा हा आकडा दिला. कारण असे सांगितले की, ही नावे जगातल्या सर्वांना कळत नाहीत. ॲपलने आधी वाघ-चित्त्यांची नावे दिली, आणि २०१३ पासून कॅलिफोर्नियातील जागांची: डोंगर, किनारे, दऱ्या. २०२४ चे नाव ‘सिक्वॉया’, २०२५ चे ‘टाहो’. हुआवेई या चिनी कंपनीवर अमेरिकेने २०१९ साली निर्बंध घातले, तेव्हा तिने आपली प्रणाली पुढे आणली. जगासाठी तिचे नाव ‘हार्मनी’. पण घरचे नाव ‘होंगमेंग’, म्हणजे चिनी पुराणातील सृष्टीपूर्वीची आदिम अवस्था. तात्पर्य, ज्याच्या घरात पाळणा हलतो, त्याच्या घराण्याचे नाव पडते.

आपल्या घरात पाळणा हललाच नाही असे नाही. पुण्यात १९८८ साली ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. महासंगणक हे यंत्र झाले. पण याच संस्थेने पुढे लिनक्सच्या आधारे एक भारतीय प्रणालीही तयार केली. ती २००७ च्या सुमारास लोकांसमोर आली, म्हणजे ती साधारण माझ्याच वयाची आहे. तिचे पूर्ण नाव ‘भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स’ आणि अद्याक्षरांचे हाक मारायचे नाव ‘बॉस’. शेवटी मुकादमच की! तिच्या आवृत्त्यांना मात्र ‘तेजस’, ‘सविर’, ‘अनोखा’, ‘दृष्टी’, ‘उन्नती’ अशी सुरेख नावे आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेल्या तरुणांनी मोबाईलसाठी भारतीय भाषांची एक प्रणाली केली. ती २०१५ पासून ‘इंडस’ या नावाने, म्हणजे आपल्या सिंधूच्या नावाने, ओळखली गेली आणि काही काळ मायक्रोमॅक्सच्या फोनवर घरोघर पोचली. पुढे तिचे रूपांतर ॲपच्या दुकानात झाले. २०२३ च्या जानेवारीत मद्रासच्या आय.आय.टी.कडून ‘भारओएस’ आली. त्याच वर्षी संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी ‘माया’ नावाची प्रणाली स्वीकारल्याच्या बातम्या आल्या. नावे सर्व चांगली आहेत. परंतु आमच्या तालुक्यात मी जेवढे संगणक पाहिले, त्यांपैकी एकावरही यांतले एकही नाव मला दिसलेले नाही. नेट-कॅफेवाल्या दादांना ‘बॉस’बद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, “कुठला बॉस? इथं मीच हाय की.”

येथे माझ्या आडनावाची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आमच्या आडनावात ‘ऱ्हा’ हे जोडाक्षर आहे. (लेखाखाली आडनाव छापलेले आहेच, अंकाच्या छपाईतही ते बिघडले असल्यास तो या लेखाचाच पुरावा समजावा.) गेल्या वर्षी मी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. कागदपत्रे सर्व जोडली. दीड महिन्याने अर्ज परत आला. शेरा असा: नाव जुळत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी काना-मात्रा तपासला. नाव तंतोतंत तेच होते. आईला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, “पोरी, तुझ्या बापाचं नाव बी तेच हाय आन् तुहं बी तेच हाय, मग जुळना कसं?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते आमच्या संगणक कक्षातील सरांनी दिले, आणि तेच या लेखाचे मूळ आहे.

संगणक अक्षर पाहत नाही, आकडे पाहतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचे मानक झाले आणि त्याच्या १९८८ च्या आराखड्यावरून ‘युनिकोड’ या जागतिक तक्त्यात देवनागरी बसविली गेली. आता आपल्या मराठीत दोन प्रकारचे अर्धे र आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना दक्षिणा द्यावयाची आणि आचाऱ्यांना पगार. येथे रफाराची गफलत झाली तर दोघांचीही पंचाईत. हिंदीला हा पापणीसारखा र लागत नाही, म्हणून त्याची सोय आडवळणाने झाली. द्राविडी भाषांतील एका उच्चारासाठी खाली टिंब दिलेला जो ‘ऱ’ तक्त्यात होता, त्याचेच अर्धे रूप आपल्या मराठीच्या कामी आले. पण यापूर्वीची आणखी एक पद्धत होती: साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. दोन्ही पद्धतींनी पडद्यावर उमटते ते एकच अक्षर. डोळ्यांना एक, यंत्राला दोन! माझ्या एका दाखल्यावर एका पद्धतीचा ‘ऱ्हा’ होता, दुसऱ्यावर दुसऱ्या पद्धतीचा. आणि यंत्राच्या लेखी मी दोन वेगवेगळ्या मुली होते. युनिकोडच्या नियमांतही ही दोन रूपे एकच धरावीत असे म्हटलेले नाही.

‘शेतकऱ्याचा’ हा शब्द लिहायलाही हाच र लागतो. ज्या जिल्ह्यात निम्मे अर्ज शेतकऱ्यांचे, त्या जिल्ह्यात ही अडचण किती जणांना येत असेल याचा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. ‘ॲप’मधला ‘ॲ’ तर तक्त्यात आला २००८ साली. म्हणजे हे अक्षर वयाने माझ्याहूनही लहान आहे. तोपर्यंत मराठी माणूस ‘ॲ’ कसा लिहीत होता? अ वर चंद्र चिकटवून, किंवा ‘अॅ’ने काम भागवून. आजही दोन्ही रूपे चालू आहेत, आणि तीही यंत्राला दोन आहेत.

म्हणून उद्याच्या प्रणालीत काय असावे, असे मला कोणी विचारले, तर माझे पहिले मागणे हे की, जे अक्षर माणसाला एक दिसते ते तिने एकच मानावे. हे काम एकेका अर्जाच्या संकेतस्थळावर सोडून चालणार नाही. मुकादमानेच टोळीत शिस्त लावली पाहिजे. हे अवघड आहे असे सरांना वाटत नाही. त्यांचे म्हणणे असे की, हे कोणी मागितलेले नाही.

दुसरे मागणे बोलीचे. येत्या काळात कळफलक मागे पडेल आणि माणसे प्रणालीशी बोलूनच काम करतील, असे सर्वत्र लिहून येते. माझ्या आईला लिहिता येत नाही. तेव्हा या बातमीने सर्वांत जास्त आनंद मला व्हावा. गेल्या हंगामात तिने फोनला सांगितले, “मह्या लेकीला फोन लाव.” फोनने ‘मह्या’चे ‘महिला’ केले आणि महिलांसाठीच्या योजना दाखविल्या. योजना चांगल्या होत्या, पण फोन लागला नाही. भारत सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला आहे आणि त्यात मराठी आहे. पण मराठी म्हणजे कोणती? पुण्याचे ‘माझ्या’ आणि बीडचे ‘मह्या’ दोन्ही तिला कळावेत. यासाठी आमच्या बाजूची बोली कोणीतरी ध्वनिमुद्रित करून द्यावी लागेल. मराठी विभागातील आपण विद्यार्थी हे काम करू शकतो. त्यासाठी विज्ञान शाखा लागत नाही.

बाकीची मागणी थोडक्यात सांगते. बालाघाटाच्या डोंगरात रेंज जाते आणि भारनियमन असते; तेव्हा प्रणालीची बुद्धी दूरच्या संगणकात न राहता हातातल्या यंत्रात राहावी. आणि तिने जुन्या यंत्राला टाकून देऊ नये. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नेहमीचा आधार संपला. ‘विंडोज ११’ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो. जुन्या संगणकांत ते नसते. चांगला चालणारा बैल दात पाहून बाजारात काढावा, तशातला हा प्रकार आहे. केरळातील सरकारी शाळांनी उबंटूवर आधारलेली मुक्त प्रणाली घेतली आणि जुन्या यंत्रांवरही काम चालू ठेवले. आपल्याकडे ते का होऊ नये, यावर एखाद्या प्राध्यापकांनी पुढील अंकात लिहावे अशी विनंती आहे.

राहता राहिले नाव. वसतिगृहात एका रात्री यावर आमची सभाच भरली. ‘बिंदुसरा’, ‘मांजरा’, ‘बालाघाट’ अशी नावे निघाली; कॅलिफोर्नियाला डोंगर आहेत तर आम्हालाही आहेत, हा मुद्दा बिनतोड होता. एकीने ‘सर्जा-राजा’ सुचविले, कारण प्रणाली जोडीने चालावी. माझे मत मात्र ‘पासोडी’ला आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात कागदाऐवजी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर आपले ‘पंचीकरण’ लिहिले, तीच ही पासोडी. एवढा मोठा पडदा अजून कोणत्याही कंपनीने काढलेला नाही. शिवाय पासोडी हे पांघरायचे वस्त्र. थंडीत फडावर उपयोगी पडणारे.

जाता जाता एक कामाची गोष्ट. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘जे’, मग ‘डी’, मग ‘यू’ दाबले की ‘ऱ्ह’ उमटतो आणि तो तक्त्यातल्या ‘ऱ’चाच असतो. सरांनी हे शिकविले त्या दिवशी आम्ही वर्गातल्यांनी आपापली नावे लिहून पाहिली. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’वाली पाच आडनावे निघाली, त्यांपैकी तिघांचे अर्ज याच शेऱ्याने परत आलेले होते. आम्ही ते पुन्हा भरले. माझा अद्याप पडताळणीत आहे.