ईशानच्या टोपलीविषयी

तेरेखोल, ता. पेडणे
आषाढ

चि. सायली हिस,


म्हापशाच्या दुकानातल्या त्या सेन्सरी किटचा फोटो पाठवून तू विचारलंस, घेऊ का? माझं मत सांगते, घेऊ नकोस. पैशांचा प्रश्न नाही. त्या पेटीतल्या वस्तूंचे रंग निरनिराळे, आकार निरनिराळे, पण सगळं प्लॅस्टिक. हातात घेतलं काय, तोंडात घातलं काय, सगळं एकच लागणार. ईशान सव्वा वर्षाचा आहे. या वयात मूल जग ओळखतं ते बोटांनी आणि जिभेने. त्याला गार-कोमट, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलकं हवं आहे, आणि ते तुझ्या घरात, परसात भरपूर आहे.

एक गोष्ट मनात पक्की धर, बाकी सगळं तिच्यातून सुचत जाईल. एका वेळी दोन वस्तू द्यायच्या, आणि त्या दोन्हींत फरक एकच ठेवायचा. आकार सारखा, पण एक खरखरीत, एक गुळगुळीत. डबी तीच, पण आवाज वेगळा. फरक एकच असला की मुलाचं लक्ष नेमकं तिथे जातं. दहा गोष्टी समोर ओतल्या की ते नुसतं उधळतं, आणि आपण म्हणतो, याचं कशात मन रमत नाही.

हे मॉन्टेसरीबाईंचं तत्त्व. त्यांची साधनं सुबक, लाकडी आणि महाग होती. आपल्याकडे ती खेड्यातल्या मुलांना कशी मिळणार, हा प्रश्न ताराबाई मोडकांनी मनावर घेतला. गिजुभाई बधेकांबरोबर 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ काढला, आणि पुढे 1945 साली त्या बोर्डीला येऊन राहिल्या. अनुताई वाघ तिथे त्यांना मिळाल्या. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे अशा गावात सापडणाऱ्या वस्तूंतून त्यांनी बालवाडीची साधनं उभी केली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वाड्यांतल्या अंगणात तेच केलं. सरकारने देशभर अंगणवाड्या सुरू केल्या त्या 1975 साली, हे काम त्याच्या कितीतरी आधीचं. मी बालवाडीत जन्म काढला तो या दोघींना मनाशी ठेवून. साधन मुलाच्या मातीतलं असावं हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. पण एक भेद विसरू नकोस. त्यांच्या बालवाडीतली मुलं अडीच-तीन वर्षांच्या पुढची होती. ईशान हातात येईल ते तोंडात घालतो. त्यांची रीत घे, शिंपले आणि बिया मात्र आत्ता मोकळ्या हातात देऊ नकोस.

आता करटीपासून सुरुवात कर. नारळ तू रोज फोडतेस. दोन सारख्या अर्ध्या करट्या निवड. एकीवरचा काथ्या कोयत्याने खरवडून, पॉलिश पेपरने घासून अगदी तुळतुळीत कर. दुसरीवरचे ओढून निघतील ते सगळे धागे काढून टाक, पण अंगचा खरखरीतपणा राहू दे. दोन्हींच्या कडा ओल्या चिऱ्यावर गोल गोल घासायच्या, मग पॉलिश पेपर, मग खोबरेलाचा हात. व्हार्निश, रंग काही नको. कड झाली की नाही हे बोटाने पाहू नकोस, आपली बोटं कामाने निबर झालेली असतात. स्वतःच्या खालच्या ओठाच्या आतून ती फिरवून बघ. तिथे टोचली नाही तर ईशानलाही टोचणार नाही. या दोन करट्या त्याला किती दिवस पुरतात ते पाहा. आधी तो चाटेल, मग आपटेल, मग एकीत दुसरी बसवेल, मग कधीतरी दोन्ही हातांत दोन घेऊन पालथ्या-उताण्या करत थांबेल. ते थांबणं फार मोलाचं आहे. त्या वेळी त्याला हाक मारू नकोस.

आवाजासाठी फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या दोन सारख्या डब्या घे. एकीत तांदूळ, दुसरीत चिंचोके, दोन्ही अर्ध्याहून कमी, नाहीतर खुळखुळत नाहीत. झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे दे. आपल्याकडच्या पावसात धान्याला किडे आणि बुरशी लागायला वेळ लागत नाही, तेव्हा अधूनमधून डबी उघडून आतलं बदल, आणि डबी उन्हात ठेवायला मिळाली तर ठेव.

आजीच्या सुती लुगड्याचा तुकडा आणि गोणपाटाचा तुकडा यांच्या तळहाताएवढ्या दोन उशा शिव. आत कापडाच्याच चिंध्या भर, मणी-धान्य नको. तिसरी शिवशील तर दुहेरी कापडात सुकलेली ओवळं भर. बकुळीचा वास सुकल्यावरही बरेच दिवस राहतो, आणि नाकालाही काही काम हवंच की! परसातलं जून घोसाळं वेलावरच वाळलं असेल तर त्याची जाळी सोलून, बिया पूर्ण झटकून, धुऊन दे. इंग्लंडमध्ये एलिनोर गोल्डश्मीड नावाच्या बाईंनी बसू लागलेल्या बाळांसाठी अशाच घरच्या वस्तूंची टोपली सुचवली: लाकडी चमचा, धातूची वाटी, कुंचा, लिंबू. प्लॅस्टिक त्यांनीही त्यात ठेवलं नव्हतं. तुझी लाकडी पळी, पितळेची वाटी आणि घोसाळ्याची जाळी म्हणजे तीच टोपली झाली.

चालायला लागलाच आहे, तर सुपारीची विरी पडली की तिच्यावर त्याला बसवून अंगणात ओढ. शेणाने सारवलेल्या जमिनीवर, फरशीवर आणि वाळूवर विरी निरनिराळी सरकते, आणि त्याला ते सगळ्या अंगाने कळतं. सुकतीच्या वेळी इथे खाली किनाऱ्यावर ओली वाळू छान घट्ट असते. आलीस की नेऊ त्याला. पावसाचं पाणी, घमेलं, करटी एवढ्यावर दुपार जाते. मात्र पाण्याच्या खेळात तू हाताच्या अंतरावरच बस. टीचभर पाण्यातही एवढं मूल बुडू शकतं. दार वाजलं तर त्याला उचलून दाराशी जा.

आता जपायच्या गोष्टी. यात माझं म्हातारपणाचं भय नाही. दुकानातल्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय खूण सक्तीची आहे, म्हणजे कुणीतरी ती तपासलेली असतात. घरच्या खेळण्याला तपासणारी तूच. त्या तपासणीत सव्वा इंच रुंदीची एक नळी असते. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलासाठी बाद. तू त्याहून जरा मोठं माप धर, टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी. तिच्यात जाईल ते ईशानच्या हाती नको. दोरी वितीपेक्षा लांब नको.

पूर्वी खुळखुळ्यात गुंजा भरायचे. दिसायला किती देखण्या, पण गुंज चावली गेली तर जिवावर बेतते. डबीत बंद करूनही ठेवू नकोस. एरंडाची बी आणि कण्हेरही तशीच. काजूची कच्ची बी कुणी कौतुकाने हातात देईल, तिच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, तोंड तर विचारूच नकोस. मीठ घालून टिकाऊ केलेली कणीक आजकाल खेळायला देतात. तिचा गोळा पोटात गेला तर एवढ्या मुलाला त्यातलं मीठ घातक ठरतं. आणि पाण्यात टाकले की फुगणारे ते रंगीत मणी घरात आणूच नकोस, ते आतड्यात जाऊन फुगतात. अमेरिकेतल्या मोठमोठ्या दुकानांनी 2023 साली मुलांसाठी ते विकणं थांबवायचं ठरवलं, ते उगाच नाही.

माळ्यावर रंगाचा जुना डबा असेल तर त्याने काही रंगवू नकोस. घरगुती रंगांतलं शिसं दशलक्ष भागांत 90 च्या आत ठेवायचा नियम 2017 च्या नोव्हेंबरात लागू झाला, त्याआधीच्या डब्यात काय आहे ते कोण सांगणार? सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली तुझ्या लहानपणची लाकडी फळं माझ्याकडे अजून आहेत. त्यांचा रंग आता सुटतो आहे, म्हणून ती कपाटातच राहतील. ईशान मोठा झाला की त्याला दाखवीन.

सगळ्यांत कठीण भाग खेळणी बनवण्याचा नाही. त्याच्याजवळ बसून काही न शिकवण्याचा आहे. तू हुशार आहेस, तुला लगेच सांगावंसं वाटेल, बघ हे खरखरीत, बघ हे मऊ. नको. त्याच्या हाताला आधी ते स्वतः कळू दे. तो मान वर करून तुझ्याकडे बघेल, तेव्हा एक शब्द दे, “खरखरीत.” पुन्हा खाली बघितलं की गप्प. टाळ्या वाजवू नकोस, नाहीतर तो करटीसाठी न खेळता टाळीसाठी खेळेल. फेकायला लागला की समजायचं, आजचं झालं. न रागावता टोपली उचलून ठेव आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढ. त्याने तीच करटी परत परत मागितली तर नवीन काही शोधायला धावू नकोस. त्याचं तिच्यातलं काम अजून संपलेलं नाही.

चवथीला याल तेव्हा गणपतीवरच्या माटोळीखाली त्याला कडेवर घेऊन उभी राहा. नारळ, तवसं, आंब्याचे टाळे यांना हात लावू दे, वास घेऊ दे. लालभडक कवंडळ मात्र त्याच्या हाताच्या वर बांधायला मी सांगून ठेवते, ते विषारी आहे. येताना शिंप्याकडून जाड-पातळ कापडाचे तुकडे मागून आण. माझं मशीन चालू आहे, उशांना दुहेरी शिवण मीच घालून देते. आणि या आठवड्यात नारळ फोडताना जरा मधोमध फुटेल असा फोड, करट्या सारख्या हव्यात.

तुझी,
मावशी