हृदयातील साधी गाठ : निदान व शस्त्रक्रिया



गाठ म्हटली की कॅन्सर, असे आपण धरून चालतो. ती हृदयात आहे असे ऐकले तर घरचे लोक आशाच सोडतात. वास्तविक हृदयातच सुरू होणाऱ्या गाठींपैकी सुमारे तीन चतुर्थांश गाठी कर्करोगाच्या नसतात. आम्ही बँकेतले कारकून, वैद्यकाचे जाणकार नव्हे. तरी जे वाचले ते सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

गाठीचे स्वरूप : प्रौढांत सर्वात जास्त आढळते ती मिक्झोमा ही गाठ. ती बुळबुळीत असून बहुधा डाव्या अलिंदात, मधल्या पडद्याला देठाने लटकलेली असते. ठोक्यागणिक ती झुलते व झडपेच्या तोंडाशी येऊन रक्ताची वाट अडवते. त्यामुळे दम लागतो. उठता-बसता, कूस बदलता भोवळ येते. कधी बारीक ताप येतो, वजन घटते. तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर अर्धांगवायू होतो.

निदान : येथेच फसगत होते. छातीचा आवाज सांधेतापाने आकसलेल्या झडपेसारखा येतो, ताप व रोडपणा क्षयासारखा दिसतो. भोवळीला कोणी फेफरे म्हणतो, कोणी 'बाहेरचे' म्हणून अंगारा लावतो. बँकेत हिशोब जुळला नाही तर आम्ही मूळ व्हाऊचर काढून पाहतो. येथे ते काम इको तपासणी करते. ध्वनिलहरींनी अशी गाठ प्रथम 1959 साली जर्मनीत एफर्ट व डोमानिग यांनी ओळखली. या तपासणीत सुई नाही, चिरा नाही.

शस्त्रक्रिया : ही गाठ औषधाने विरघळत नाही. 1953 साली अमेरिकेत डॉ. गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया यशस्वी केली. पुढच्याच वर्षी स्टॉकहोम येथे डॉ. क्राफूर्ड यांनी ते यंत्र वापरून मिक्झोमा काढला. रक्ताभिसरण यंत्रावर घेऊन हृदय थांबवतात, अलिंद उघडतात आणि गाठ न फुटू देता देठासह, पडद्याचा थोडा भाग घेऊन काढतात. भोक शिवतात किंवा ठिगळ लावतात. गाठ क्वचितच पुन्हा होते. आनुवंशिक प्रकारात ही शक्यता अधिक, म्हणून नंतरही इको करीत राहावे. लहान मुलांतील रॅब्डोमायोमा मात्र पुष्कळदा आपोआप लहान होतो. तेथे घाई नको.

आपण काय करावे : मुळशीच्या वाड्यावस्त्यांवरील रुग्णाने पौडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे व पुण्यास इकोची गरज आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. 2012 साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली व 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना आहे. रेशनकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

वारंवार येणारी भोवळ अंगावर काढू नये. वेळीच सापडलेली ही गाठ काढली की माणूस बहुधा पूर्ववत कामाला लागतो. न सापडलेली गाठ मात्र तरण्याताठ्या माणसालाही अचानक नेऊ शकते.