भाकरी ताटातून का गेली? उत्तरातच धंदा आहे!



व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा मुद्दा इथे नीट लिहितोय.

आजी-आजोबांच्या काळात घाटावर रोजचं जेवण म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी. गव्हाची पोळी सणासुदीला. आज उलटं झालंय. का? तीन कारणं वहीत लिहून घ्या.

१) उत्पादन : १९६० च्या दशकात हरितक्रांती आली. सुधारित बियाणं, पाणी, खत यांचा मोठा फायदा गहू-भाताला झाला. ज्वारी-बाजरी बहुतेक कोरडवाहूच राहिली.

२) वाटप : सरकारी खरेदी आणि रेशन मुख्यतः गहू-तांदळाचं. जे स्वस्त मिळतं, तेच घरात शिजतं.

३) सोय : चपाती डब्यात मऊ राहते, भाकरी गार झाली की वातड. शिवाय ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळे भाकरी थापायला हात बसलेला लागतो.

२०२३ हे भरडधान्य वर्ष झालं आणि लोक पुन्हा भाकरी मागायला लागले. पण अडचणी गेल्या का? नाही!

माझ्या बॅचमधल्या एका ताईंनी बाजरीच्या पिठाची पाकिटं काढली. लेबलवर मुदत तीन महिने. पीठ कडू झालं, दुकानदाराने सगळा माल परत पाठवला. चूक माझीही होती. पॅकिंग शिकवलं, भाव काढायला शिकवलं, पण पीठ टिकतं किती, हे विचारलंच नाही. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो, दळल्यावर पीठ लवकर खवट होतं. आता त्या ऑर्डर आल्यावरच दळतात आणि पाकिटावर दळल्याची तारीख टाकतात. माल कमी जातो, पण परत येत नाही.

आता सोलापूरकडे बघा. तिथली कडक भाकरी पातळ थापून, भाजून, पूर्ण वाळवलेली असते. ओलावाच नाही, म्हणून ती टिकते आणि पाकिटातून गावोगावी जाते. 'गार झाली की कडक होते' ही तक्रार होती ना? तिथल्या बायकांनी त्याचाच माल केला.

धडा एवढाच : जुना पदार्थ विकायला काढताना फक्त 'पौष्टिक आहे' म्हणू नका. तो कोणत्या अडचणीमुळे मागे पडला ते शोधा आणि ती अडचण सोडवून विका.

गृहपाठ : तुमच्या घरातून गेलेला एक पदार्थ निवडा. तो का गेला, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत पाकिटं छापू नका!