कानाच्या पाळीवरच्या गाठी

प्रश्न : वडिलांच्या कानाच्या पाळ्यांवर, चेहऱ्यावर सहा महिन्यांपासून गाठी आहेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत. डॉक्टरांनी पाळीचा नमुना तपासायला सांगितलाय. गरज आहे का?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : हो, तपासणी जरूर करा. अशा गाठी कुष्ठरोगाच्या असू शकतात, इतर त्वचारोगांच्याही. नुसत्या नजरेने निदान पक्के होत नाही. म्हणून डॉक्टर आधी भुवया विरळ झाल्यात का पाहतात, कोपरामागची नस जाड लागते का चाचपतात, हातापायांना कापसाचा स्पर्श कळतो का विचारतात.

मग पाळी चिमटीत घट्ट धरून बारीक छेद देतात आणि आतला द्रव काचपट्टीवर पसरतात. रंगवलेल्या पट्टीवर कुष्ठजंतू निळ्या पार्श्वभूमीवर लालभडक काड्यांच्या जुडग्यांसारखे दिसतात. हॅन्सन यांनी 1873 मध्ये नॉर्वेत शोधले तेच हे जंतू. ते दिसले नाहीत आणि शंका उरली, तर गाठीचा तुकडा काढून बायोप्सी करतात.

कुष्ठरोग निघालाच तर घाबरू नका. गाठी असलेल्या प्रकारात साधारण 12 महिने गोळ्या घ्याव्या लागतात; सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. घरातल्या सर्वांची तपासणीही करून घ्या. वेळेत उपचार झाले तर व्यंग टळते. लाजेपायी उशीर मात्र करू नका.